मोठ्या शब्दाचं वाचन

बाबांशी धड भांडायची सोय त्या घरात कधीच नव्हती. भांडण रंगात आलं, समोरच्याच्या तोंडून एखादं झणझणीत वाक्य सुटलं, की बाबांचा हात खिशाकडे जायचा. खिशात पत्त्यांच्या आकाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या असत. "थांब, थांब. परत म्हण. 'पाणी डोक्यावरून गेलं' म्हणालीस की 'जातंय'?" आता अशा माणसाशी भांडायचं कसं? आई होती तेव्हा कपाळाला हात लावून म्हणायची, "अहो, निदान भांडताना तरी ती चिठ्ठी खाली ठेवा. मी बायको आहे तुमची, उदाहरण नाही."

हेही वाक्य बाबांनी लिहून घेतलं होतं.

बाबा कोशाच्या कचेरीत होते. इंग्रजी शब्द आणि त्यांचे आपल्या भाषेतले अर्थ, असा अनेक खंडांचा जाडजूड कोश तिथं वर्षानुवर्षं चालला होता. अडलेले, अवघड, क्वचित भेटणारे शब्द कुणीही करी. ते एका बैठकीत उरकत. खरी कसोटी लागे ती साध्या शब्दाशी. वरवर गरीब दिसणारा, पोरासोरांच्या तोंडी असलेला शब्द हातात घ्यावा आणि आत शिरल्यावर त्यात खोलीतून खोली निघत जावी. असा मोठा शब्द एकाच माणसाच्या हवाली करायची तिथली रीत होती. त्या माणसाला त्या शब्दाचा पालक म्हणत. नोंदीच्या शेवटी पालकाच्या नावाची दोन अक्षरं छापली जात. खंड प्रसिद्ध होई त्या दिवशी पालकाला व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवत आणि त्या खंडातल्या सर्वांत मोठ्या शब्दाचं वाचन होई, पहिल्या अर्थापासून शेवटच्या उदाहरणापर्यंत.

दुसरी रीत याहून कडक होती. उदाहरणाचं वाक्य रचायचं नाही. ते कुणाच्या तरी तोंडून निघालेलं आणि आपल्या कानांनी ऐकलेलं हवं. "रचलेल्या वाक्याला तोंड नसतं," बाबा म्हणत, "आणि तोंड नसलेल्याशी आपण काय बोलणार?"

बाबांच्या वाट्याला 'रन' आला होता. माणूस पळतो तिथं रन, नदी वाहते तिथंही रन. नाक वाहतं, रंग उतरतो, गाडी चालते, दुकान चालतं, कुणी निवडणुकीला उभा राहतो, वर्तमानपत्रात बातमी छापून येते, मोज्याचा धागा उसवत जातो, वेल भिंतीवर पसरते, खेळात धाव निघते, सगळीकडे हाच. "पायाला भिंगरी लावून जन्माला आलंय कार्टं," बाबा सांगत. "एका अर्थात बसवावं, तर मागच्या दाराने पळून दुसऱ्यात जाऊन बसतं."

एकेका अर्थाखाली एकेक वाक्य, आणि वाक्यं बहुतेक घरातली. घरात बोलणारी मुख्य आई. त्यामुळे आई गेली तेव्हा तिचा आवाज कुणी कुठं भरून ठेवलेला नव्हता, तरी 'रन'च्या खोक्यात ती होती. टोमण्यांसकट, धापांसकट होती.

घरात उरली ती बाबांची एकुलती लेक. लग्नानंतर फार उशिरा, सगळ्यांनी आशा सोडल्यावर झालेली, म्हणून बाबा तिला 'पुरवणी' म्हणायचे. मूळ ग्रंथ छापून झाल्यावर आलेली. ती गावातल्या ग्रंथालयात काम करायची, हाताला लागेल ते वाचायची आणि फार बोलायची नाही. मनात आलेलं वाक्य ओठांपर्यंत यायचं, तिथून मागे फिरायचं.

त्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखा नळ उघडा टाकून मोरीतून बाहेर आले. ही त्यांची जुनी खोड. पूर्वी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, नळ वाहतोय! नदी काय माहेराहून घेऊन आलेय मी?" आता पुरवणी तेवढं लांबण लावत नसे. "बाबा, नळ!" एवढंच ती म्हणाली.

"नदी माहेरची आहे, वाहू दे," बाबा आतून म्हणाले आणि मुकाट्याने जाऊन नळ बंद करून आले.

दुपारी काका आले. काका म्हणजे रक्ताचे नव्हेत. पोरसवदा वयात उमेदवार म्हणून कोशाच्या कचेरीत लागले, ते बाबांच्या हाताखाली. चिठ्ठी कशी लिहायची इथपासून बाबांनी शिकवलं. या घरात जेवले, या घरात आजारी पडले. त्यांच्या बारमाही सर्दीला आईने काढे पाजले. आता ते मुख्य संपादक झाले होते. संपादक झाल्यापासून एक बदल झाला होता. घरात आले की ते सरळ खिडकीशी, बाबांच्या खुर्चीत बसत. त्या खुर्चीचा उजवा हात बाबांच्या कोपराने गुळगुळीत झालेला होता आणि तिच्यावर आईने चिंध्या भरून शिवलेली गादी होती. बाबा मग फडताळावरचं काढायला ठेवलेल्या उंच स्टुलावर बसत आणि त्यांचे पाय जमिनीला पुरत नसत.

पुरवणीच्या तोंडाशी दर वेळी एक वाक्य यायचं. काका, उठा, ती बाबांची खुर्ची आहे. पण आल्यागेल्याला उठवायची त्या घरात रीत नव्हती, आणि बाबा तर कुणी काही म्हणायच्या आतच स्टुलावर चढून बसलेले असत.

"सर, किती दिवस चालायचं हे?" काकांनी विचारलं.

"काय?"

"रन."

"चालेल तितके दिवस. बसून राहिला तर रन कसला?"

"थट्टा पुरे झाली, सर. सगळा खंड तयार आहे आणि तुमचा एक शब्द दारात पाय पसरून बसलाय. ना आत येतो, ना बाहेर जातो. मला वर उत्तर द्यावं लागतं." काकांनी खोक्यातून एक चिठ्ठी उचलली, वाचली, दुसरी उचलली. "आणि ही वाक्यं! नदी माहेराहून आणलीय म्हणे. अहो, हा कोश आहे, वहिनींचं स्वयंपाकघर नव्हे. लोकांना अर्थ हवाय, तुमच्या घरची धुणी नकोत."

"धुणी नसली तर रंग कशाचा उतरायचा रे?" बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरात पुरवणीला हसू फुटलं. ते बाहेर ऐकू गेलं असावं, कारण काकांचा आवाज चढला.

"स्पष्ट बोलू? तुमची गिरणी नुसती रिकामी फिरतेय, सर. आवाज मोठा, पीठ शून्य."

पुरवणी कप हातात धरून दारात आली. तिला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील. बाबांचा हात खिशाकडे गेला.

"परत म्हण. 'आवाज मोठा, पीठ शून्य.' अरे लेका, हाच अर्थ अडला होता माझा! यंत्र रिकामं फिरणं. इतके महिने वाक्य मिळत नव्हतं, आणि तू घरबसल्या आणून दिलंस." गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून त्यांनी ते वाक्य लिहिलं, खाली बोलणाऱ्याची खूण केली, शाईवर फुंकर मारली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. पुरवणीला नंतर पुन्हापुन्हा आठवायचा तो हाच आनंद, आणि तिचं पित्त त्यानेच खवळायचं.

काकांचे कान लाल झाले. ते उठले आणि त्यांनी खोकं काखेत मारलं. "हे मी नेतो. मी संपवतो."

बाबांचा हात हवेत अर्धा पुढे आला, तसाच राहिला. मग त्यांनी हातातली ओली चिठ्ठी पुढे केली. "ही राहिली. आणि सांभाळून ने बरं, खोक्याचा तळ सैल आहे."

"काका, चहा," पुरवणी म्हणाली. "साखर?"

"कमी."

"कमीच आहे."

काका चहा पिऊनच गेले. संध्याकाळी बाबा मोकळ्या टेबलाभोवती फिरत राहिले. नसलेली धूळ त्यांनी दोनदा झटकली. "हात अगदी रिकामे झाले गं," ते म्हणाले.

"आता निवांत वाचा."

"हं."

बापलेकीचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ वाहत होता. पुरवणीने कणीक तिंबता तिंबता हाक मारली, "बाबा, नळ!" आतून काही आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. नदी माहेरची आहे असं कुणी म्हणालं नाही. मग मोरीच्या उंबऱ्यावरून पाणी बाहेर आलं आणि हळूहळू तिच्या पायांपर्यंत पोचलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारी म्हणाले, वय. पुरवणीने कुणाशी वाद घातला नाही. एका वाक्याने माणूस मरत नाही हे तिला कळत होतं. इतकी पुस्तकं तिने उगाच वाचली नव्हती. पण काल खोकं घरातून गेलं आणि आज बाबा गेले, या दोन गोष्टी तिने मनात शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये तिसरं काही शिरायला ती जागाच देत नव्हती.

शोकसभेत काका रडले. खोटं नव्हे, हुंदके देऊन रडले. "सरांचा शब्द हा आता माझा शब्द," ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

पुढे खंड छापून झाला. काका नोंदीची छापील पानं घेऊन घरी आले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. स्टुलावर बसायला आता कुणी नव्हतं.

"समारंभात वाचन तू कर," ते म्हणाले. "सरांची मुलगी. लोकांना बरं वाटेल."

चहाचं आधण ठेवून पुरवणीने ओट्याशी उभ्या उभ्या पानं वाचली. नोंद आटोपशीर झाली होती. 'मुलगा वेगाने धावतो.' 'नदी समुद्राकडे वाहते.' 'त्याचे नाक वाहत आहे.' 'यंत्र रिकामे फिरत आहे.' एकही वाक्य चुकीचं नव्हतं आणि एकही कुणी कधी बोललेलं नव्हतं. आई त्यात कुठंच नव्हती. स्वतः काकाही नव्हते. त्यांनी स्वतःच्या तोंडचं वाक्यसुद्धा पुसून टाकलं होतं. अगदी शेवटी दोन अक्षरं होती, ती बाबांच्या नावाची नव्हती.

"आणि चिठ्ठ्या?" तिने आतूनच विचारलं.

"कुठल्या? अच्छा, त्या." बाहेर खुर्ची करकरली. "कचेरीची आवराआवर झाली ना, त्यात गेल्या रद्दीबरोबर. तळच सुटला होता गं खोक्याचा."

चहा उकळून वर आला. पुरवणीने तो उतू जाऊ दिला नाही.

"वाचते मी," ती म्हणाली.

"शहाणी आहेस. अगदी सरांवर गेलीस. त्यांनी कधी मनात काही ठेवलं नाही."

काका गेल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली, त्या खुर्चीत बसली नाही. कोशकाराच्या घरात वाढलेलं माणूस रागातसुद्धा शब्द निवडून घेतं. वचपा? वचपा खेळातल्या हरण्याचा काढतात; इथं खेळ कुठला होता? उट्टं काढायचं म्हणजे त्याने चिमटा घेतला, मी चिमटा घेतला, सासवासुनांचा मामला. बदला हा शब्द तिला नेहमीच बाजारी वाटायचा, एक वस्तू देऊन दुसरी घ्यावी तसा. डूख धरणं जवळचं होतं. नागीण डूख धरते, वाट बघते, कुणाला दिसत नाही. पण डूख नुसती धरायची असते. शेवटाला जाणारा शब्द एकच, सूड. ऐकायला किती छोटा! बाबांना हा शब्द फक्त चिठ्ठीवर ठाऊक होता. ते असते तर म्हणाले असते, जाऊ दे गं, कामाचा माणूस आहे. पण बाबा नव्हते, आणि नव्हते म्हणूनच तर हे सगळं होतं.

चिठ्ठ्या रद्दीत गेल्या असतील. पण त्या चिठ्ठ्यांवरच्या वाक्यांत ती रांगायला शिकली होती. ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावता लावता ती कपाटांच्या बोळात एकेक वाक्य पुटपुटायला लागली. एकही हरवलेलं नव्हतं. कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं, तेव्हा गॅसवर काय होतं, सगळं जिथल्या तिथं. ग्रंथपालबाईंनी एकदा विचारलं, "काय गं, जपजाप्य सुरू केलंस की काय?"

"हो," ती म्हणाली, "संकल्प सोडलाय."

समारंभाच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. कचेरीतले आजीमाजी लोक, छापखान्याचे, दोनचार प्राध्यापक, ग्रंथपालबाई. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत, पालकाच्या खुर्चीत, काका. नवा कोट घातला होता. पुरवणीला बघून ते वाकून हळूच म्हणाले, "छापलंय तेवढंच वाच हं. वेळ थोडा आहे."

"अक्षरही वाया घालवणार नाही, काका."

तिने खंड उघडला, ध्वनिक्षेपक आपल्या उंचीला घेतला आणि वाचायला लागली.

"रन. अर्थ पहिला, धावणे. उदाहरण: 'बस सुटल्यावर पळतात ते तुमच्यासारखे, सुटायच्या आधी पळतात ते पोचतात.' बोलली, माझी आई. कुणाला, माझ्या वडिलांना."

सभागृहात हसू पसरलं. काकाही हसले. त्यांना वाटलं, सुरुवातीची गंमत.

"अर्थ पुढचा, वाहणे, पाण्याने. 'अहो, नळ वाहतोय! नदी काय माहेराहून घेऊन आलेय मी?' बोलली, आई. अर्थ पुढचा, रंग उतरून दुसऱ्याला लागणे. 'एक लाल मोजा टाकलात हो तुम्ही, आणि अख्ख्या धुण्याला लाज वाटल्यासारखं झालंय.' बोलली, आई. चालवणे, सांभाळणे. 'घर मी चालवते, तुम्ही फक्त त्यात राहता.' बोलली, आई."

आता लोक मोकळेपणाने हसत होते. मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "आमच्याकडेही हेच!" काका मात्र आपल्या हातातल्या प्रतीची पानं उलटत होते. एकदा पुढे, एकदा मागे.

"वाहणे, नाकाने. 'नाक स्वतःचं वाहतंय आणि निघालाय भाषा सुधारायला.' बोलली, आई. कुणाला, ते ज्याचं नाक त्याला ठाऊक."

पहिल्या रांगेतले कचेरीतले दोघे जुने लोक फिस्सकन हसले आणि त्यांनी मधल्या खुर्चीकडे बघितलं. काकांचा हात नकळत रुमालाकडे गेला होता. तो त्यांनी मध्येच थांबवला. त्याने हसू आणखी वाढलं.

"पुरवणी," काका दबक्या आवाजात म्हणाले. "अगं, पुरे."

"संपणे," ती वाचत राहिली. "'साखर संपली, पत्ती संपली, आता माझा नंबर.' बोलली, आई, शेवटच्या आजारात. रक्तात असणे, पिढीजात असणे. 'हट्ट बापाकडून आलाय पोरीच्या रक्तात. हे गप्प बसणं कुणाकडून उचललंय, देव जाणे.'"

हे कुणाविषयी बोललं गेलं ते तिने सांगितलं नाही. हसू हळूहळू ओसरलं. ती थांबली, एक श्वास घेतला. आईचा आवाज इतका वेळ सभागृहात होता, आणि इथंच थांबलं तर तोच लोकांच्या कानात राहिला असता. क्षणभर तिला तसं वाटलंही. मग तिने उजवीकडे पाहिलं. काका पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर पसरून बसले होते, खिडकीशी बसत तसेच.

"अर्थ पुढचा, यंत्र रिकामे फिरणे. उदाहरण: 'तुमची गिरणी नुसती रिकामी फिरतेय, सर. आवाज मोठा, पीठ शून्य.' बोलले, आपले मुख्य संपादक. कुणाला, ज्यांनी त्यांना चिठ्ठी लिहायला शिकवलं त्यांना. कुठे, आमच्या घरी. केव्हा, माझ्या वडिलांच्या आयुष्यातल्या शेवटच्या दुपारी. वडिलांनी हे वाक्य आनंदाने लिहून घेतलं. अर्थाला वाक्य मिळालं म्हणून. मी तेव्हा चहा करत होते."

छापखान्याच्या माणसाने मान खाली घातली. मागच्या रांगेतली म्हातारी आता कुणाला ढोसत नव्हती.

काका अर्धवट पुढे वाकले आणि त्यांनी आपल्यासमोरचा दुसरा ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "मंडळी, आमची मुलगी जरा भावनेच्या भरात... छापील नोंदीत असं काहीही नाही, हे मी जबाबदारीने सांगतो."

"नाही," पुरवणी म्हणाली. "तेच सांगतेय. काही ठेवलं नाहीत तुम्ही. छापलंय त्यातलं एकही वाक्य कुणाच्या तोंडचं नाही. असेल तर आत्ता उठून सांगा, कुणाच्या."

काकांनी तोंड उघडलं. 'मुलगा वेगाने धावतो,' हे कोण म्हणालं होतं? काका पुन्हा हातातल्या प्रतीची पानं उलटायला लागले. पहिल्या रांगेतला एक म्हातारा, बाबांच्या शेजारच्या टेबलावर जन्म काढलेला, काठीवर हात ठेवून सावकाश म्हणाला, "पोरगी खरं बोलतेय. वहिनींचीच वाक्यं आहेत ही. मी ऐकलीयत."

काकांच्या कानांवर पुन्हा तीच लाली आली, त्या दुपारची. पण ते बसूनच राहिले. मूठ आवळून, खुर्चीचे हात धरून बसून राहिले. लोक विसरतील, समारंभ पुढे सरकेल, हार येईल, अशा हिशेबाने.

पुरवणीने खंड मिटला. ती ध्वनिक्षेपकापासून बाजूला झाली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, इतक्या जवळ की त्यांना मान वर करावी लागली. वाक्य ओठांशी आलं. या वेळी ते मागे फिरलं नाही.

"काका, उठा," ती म्हणाली. "ही बाबांची खुर्ची आहे."